दाखल्यावरची नोकरी

आमच्या घरातले मोठे निर्णय पापड करताना झाले. होळी होऊन ऊन तापलं की मागच्या पडवीत दोन पोलपाट मांडले जायचे. एकीकडे आई, समोर काकू, मधे ओल्या फडक्यात गुंडाळलेला पोह्याच्या पिठाचा गोळा. पीठ पेणचा व्यापारी द्यायचा, मजुरी किलोवर मिळायची. तो गोळा लाटण्याआधी उखळीत चांगला कुटावा लागतो, नाहीतर पापड तळल्यावर फुलत नाही. कुटायचं काम माझ्याकडे होतं. मुसळाचा धप्प धप्प आवाज चालू असला की घरातलं बोलणं मोकळेपणी चालायचं. मी दम खायला थांबले की बोलणंही थांबायचं, कारण पडवीच्या मागूनच गावाची वाट जाते आणि आमच्या घरातलं वाटेवरच्या माणसाला कळू नये, असा तात्यांचा दंडक होता. त्यामुळे माझ्या आयुष्याबद्दल जे काही ठरलं, ते ठरत असताना मला दमायची परवानगी नव्हती.

तात्या म्हणजे माझे थोरले काका. आमचं गाव वडखळच्या खाली, खाडीच्या अंगाला. घराचं छप्पर एक, चुली दोन. पुढच्या खणात तात्या, काकू आणि त्यांचा महेश. मागच्या खणात आई, बाबा आणि मी. बाबा मिठागरावर जायचे. ते घरी आले की त्यांच्या पायांवर पोटरीपर्यंत मिठाची पांढरी खपली असायची. आई आधी पाय धुवायला तांब्या द्यायची, मग प्यायला. जेवायला तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण, वालाचे दिवस असले की बिरडं. चुली दोन असल्या तरी कालवणाची वाटी इकडून तिकडे आणि तिकडून इकडे गेल्याशिवाय कुणी पहिला घास घेत नसे. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की आमच्याकडे माया नव्हती. माया भरपूर होती. अडचण मायेचीच होती.

आमची खारातली भातजमीन मी अगदी लहान असताना कंपनीत गेली. आमच्याकडे नुसतं कंपनी म्हटलं की पुरतं, म्हणून नाव लिहीत नाही. मोबदला मिळाला तो छपरावरच्या पत्र्यांत आणि आजोबांच्या आजारपणात संपला. उरला दाखला. जमीन गेलेल्या कुटुंबातल्या एका माणसाला नोकरीत प्राधान्य, असा त्याचा अर्थ. एकाच माणसाला. आजोबा गेल्यावर त्या दाखल्यावर तात्या आणि बाबा या दोघांचा सारखा हक्क आला. एकाच्या घरातलं कुणी लागायचं असेल तर दुसऱ्याने ना-हरकत लिहून द्यायची. दाखला तात्यांच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली असायचा. दर पावसाळ्यानंतर तात्या तो बाहेर काढून उन्हात धरायचे आणि कसर लागली नाही ना ते बघायचे.

माझी दहावीची परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता. त्या दिवसांत तात्या डोलवीच्या नाक्यावरून बातमी घेऊन आले. पडवीच्या पायरीवर बसून त्यांनी आधी मुसळाकडे पाहिलं. ते चालू होतं, म्हणून बोलले.

"नुसत्या दाखल्यावर हेल्पर घेतात. आयटीआय इलेक्ट्रिशियन असला तर टेक्निशियन. पगार दुपटीच्या वर. आणि एकदा माणूस लागला की दाखला संपला. मग पुन्हा नाय."

"मग महेशला घाला की आयटीआयला," काकू म्हणाली.

"नववी नापासाला? तिथं काय मिनीडोअर शिकवतात?"

महेश तेव्हा दुसऱ्याची मिनीडोअर चालवायचा. पेण, वडखळ, पोयनाड, अलिबाग आणि परत. मिनीडोअर म्हणजे आमच्याकडची सहा आसनी रिक्षा, जिच्यात सहा माणसं कधीच नसतात.

"मग काय ही?" काकूने लाटणं माझ्याकडे रोखलं. "ही उद्या लग्न करून गेली म्हंजे? पगार चालला सासरी, नि आपण बसतो दाखल्याची फ्रेम करून."

"म्हणून तर आधी बोलून घ्यायचं."

"तिला विचारा तरी," आई म्हणाली.

"विचारतो ना. काय गो, जाशील?"

मी मुसळ थांबवलं.

"थांबू नको," तात्या म्हणाले, "कुट."

मी कुटता कुटता हो म्हटलं.

त्या संध्याकाळी मी कागदावर मधोमध रेघ मारली. ही सवय मला शाळेपासूनची आहे. आजही बाजारात जाताना मी दोन याद्या करते, एक आणायच्या वस्तूंची आणि एक आणायच्या नाहीत अशा वस्तूंची. डावीकडे खर्च लिहिला: फी, अनामत, खाकी कापडाचे दोन जोड, पक्कड, टेस्टर, पेचकस, ड्रॉइंगचा बोर्ड, रेल्वेचा पास आणि दोन वर्षं बुडणारी पापडाची मजुरी. पेणला त्या ट्रेडच्या जागा लगेच भरायच्या, रोह्याला मिळेल असं दिसत होतं, म्हणून पास रोह्याचा धरला. उजवीकडे कमाई लिहिली. हेल्परचा पगार, टेक्निशियनचा पगार, दोन्हीतला फरक. त्या फरकाने डावीकडची सगळी बेरीज नोकरीच्या पहिल्याच वर्षात फिटत होती. इतका सरळ हिशोब मी नंतर कधी पाहिला नाही. मी खूश होऊन कागद तात्यांना दाखवला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरून वाचला, चांगला झालाय म्हणाले आणि उजव्या बाजूच्या आकड्याखाली बोटाने तीन रेघा ओढल्यासारखं केलं.

"एक भाग पुढच्या घराचा. एक मागच्या घराचा. एक महेशचा, त्याचं बस्तान बसेस्तोवर. त्याचा हक्क सोडून देतोय ना तो."

"आणि माझा?"

सगळे हसले. मीही हसले.

"तुला वेगळा कशाला गो? तू घरातलीच हायस ना," काकू म्हणाली. मग जरा थांबून, अगदी हळू आवाजात: "लग्नाची तेवढी घाई नको हां करू. दहा-बारा वर्षं जाऊ देत. आजकाल मुली करतातच उशिरा."

त्या दिवशी रात्रीच्या जेवणात गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, होती. आमच्याकडे गाबोळी महेशला जायची, त्यावर कधी चर्चा होत नसे. काकूने ती माझ्या ताटात वाढली. महेशने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मला ती गिळायला त्रास झाला. तेव्हा वाटलं, काटा असेल. गाबोळीत काटा नसतो.

आता माझ्या हाताखाली शिकाऊ मुलं-मुली येतात. पहिल्याच आठवड्यात मोबाइल पुढे करून विचारतात, मॅडम, हा कोर्स केला तर पॅकेज किती, तो केला तर किती. मी त्यांना आकडे सांगते, मला ते तोंडपाठ आहेत. मग विचारते, पगार कुणाकुणाला द्यायचाय? मुलगे गोंधळतात. मुली गोंधळत नाहीत, त्या लगेच खाली बघतात.

रोह्याची दोन वर्षं मात्र चांगली गेली. सकाळी महेश मला मिनीडोअरमध्ये पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसवून पेण स्टेशनला सोडायचा. तिथून पॅसेंजर गाडी. कासू, नागोठणे, रोहा. गाडीत मिठाच्या, भाताच्या, सुक्या माशांच्या वासाची माणसं, आणि खिडकीबाहेर बराच वेळ कुणीही नाही. माझ्या दिवसातला तेवढाच भाग असा होता की ज्यात मला कुणी काही सांगत नव्हतं. वर्गात मुलगी मी एकटी. पहिले काही दिवस मुलं मला "ताई, लाइट गेली" म्हणून चिडवायची. मग एकदा पाइप वाकवायच्या परीक्षेत माझा पाइप बरोबर काटकोनात वाकला, आणि त्यांचे चेपले, तेव्हा तीच मुलं पाइप घेऊन माझ्याकडे यायला लागली. मला सगळ्यात आवडायचं ते मोटरचं वाइंडिंग. जळलेली मोटर उघडायची, काळी पडलेली तार उपसायची, वेढे मोजायचे, खाचांमध्ये नवीन तार त्याच मोजाने भरायची, वार्निश, भट्टी, आणि मग बटण. मोटर हळू गुरगुरत सुरू झाली की मला आतून असं वाटायचं, की जगात बरोबर आणि चूक या दोनच गोष्टी आहेत आणि मला त्यातली बरोबर येते.

दुसऱ्या वर्षी मी गाडीच्या वेळेपर्यंत गफूरचाचांच्या दुकानात बसायला लागले. एसटी स्टँडजवळ पंख्यांच्या रिवाइंडिंगचं एवढंसं दुकान होतं त्यांचं. दाराला माळ लावावी तसे पंखे टांगलेले. चाचांना दिसायला कमी झालं होतं. वेढे मोजताना त्यांचा हिशोब चुकायचा आणि ते स्वतःवरच चिडायचे. एके दिवशी मी दारातून म्हटलं, चाचा, मी मोजू? त्यांनी तार माझ्या हातात दिली ती पुन्हा मागितलीच नाही.

"हाथ अच्छा है तेरा," एकदा ते म्हणाले. रोह्याचे असूनही रागात आणि प्रेमात ते उर्दूत शिरायचे. "माझा मुलगा दुबईला. तो नाय येणार पंखे भरायला. तू बस ना इथे. दोन वर्षं माझ्याबरोबर, मग तूच चालव. भाडं दे मला महिन्याला, बस."

त्या दिवशी परतीच्या गाडीत मी पुन्हा कागदावर रेघ मारली. एका बाजूला कंपनी, एका बाजूला पंखे. पंख्यांची कमाई कंपनीच्या निम्मीसुद्धा होत नव्हती. पावसाळ्यात तर बाजार बसायचाच. पण त्या बाजूला खाली रेघा ओढायला कुणी नव्हतं. नागोठणे गेलं तरी मी त्या कागदाकडे बघत होते. मग मला सुचलं ते इतकं सोपं होतं की मी आधी का नाही विचार केला, असं वाटलं. दाखला महेशचा होऊ दे. हेल्पर तर हेल्पर. त्याला नोकरी, पुढच्या घराला पगार, तात्यांच्या जमिनीचं चीज, आणि मला दुकान. कुणाचंच नुकसान नाही. महिनाभर मी हे मनात धरून ठेवलं. त्या महिन्यात मला भूक जास्त लागायची हे आईच्या लक्षात आलं होतं.

निकाल लागला. मी चांगल्या गुणांनी पास झाले. पाठोपाठ कंपनीकडून विचारणा आली, कुटुंबाने एक नाव द्यावं. दुसऱ्या दिवशी ना-हरकत करायला पेणच्या तहसील कचेरीत जायचं ठरलं. तात्या आणि बाबा एसटीने पुढे गेले. मला महेशने मिनीडोअरमध्ये घेतलं. त्या दिवशी त्याने वाटेत कुणालाच घेतलं नाही. वडखळच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगेत आम्ही अडकलो, आणि मी बोलले.

"महेश, दाखला तू घे."

तो आधी हसला, मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "डोकं फिरलंय काय गो?"

मी त्याला सगळं सांगितलं. चाचा, दुकान, भाडं, कमाईचे आकडेसुद्धा. त्याने एकदाही मधे तोंड घातलं नाही. पुढचा ट्रक हलला तरी त्याने गाडी पुढे काढली नाही, मागून हॉर्न वाजायला लागले.

"मला नको," तो म्हणाला.

"का? तुझाच तर हक्क आहे."

"दोन वर्षं मी वाट बघतोय तुझ्या निकालाची. तू पास हो म्हणून नवस बोललोय मी, माहीत हाय? तू नापास झाली असतीस तर बापाने मला त्या गेटातून आत ढकललं असतं. मी भिंतीच्या आत नाय राहू शकत गो. मला मुंबई-गोवा रस्ता लागतो. फायनान्सवाला नवीन गाडी द्यायला तयार हाय, मुलगी बघून ठेवलीय आईने. सगळं तुझ्या सहीवर अडकलंय."

"मग दोघांनाही नको तर फेकून देऊ या तो दाखला."

"फेक. तात्यांच्या समोर फेक. माझा बाप रोज संध्याकाळी कुठं जातो, तुला ठाऊक नाय?"

मला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. तात्या रोज कंपनीच्या कंपाउंडच्या कडेने चालत जायचे, एका ठिकाणी थांबायचे, भिंतीला पाठ टेकून बिडी ओढायचे आणि परत यायचे. तिथे पूर्वी आमच्या शेताचा बांध होता. भिंतीपलीकडे काय आहे ते त्यांना दिसत नसे, आणि त्यांनी कधी विचारलंही नव्हतं.

"म्हंजे दोघांतलं एक आत जाणार," महेश म्हणाला. "मी नाय, म्हंजे तू." आणि त्याने गिअर टाकला.

नाक्यापासून पेणपर्यंतचा तो रस्ता मला अजून नको वाटतो. उघड्या गाडीत वारा तोंडावर येत होता. महेशवर रागवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. त्याने मला तेच सांगितलं होतं जे मी त्याला सांगायला आले होते.

तहसील कचेरीच्या बाहेर झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसणाऱ्यांची रांग होती. त्यातल्या एका चष्मेवाल्याला तात्यांनी आधीच धरलं होतं. स्टँपपेपर यंत्रात चढला होता; वर तात्यांची ना-हरकत टाइप झाली होती, खाली माझी हमी यायची होती. बाबा बाजूला उकिडवे बसले होते, नजर स्वतःच्या पायांकडे.

"नेहमीचा मजकूर घालू?" टाइपवाल्याने विचारलं.

"नेहमीचा काय असतो?" मी म्हटलं.

त्याने वर न बघता म्हणून दाखवलं. सदर उमेदवार नोकरीत लागल्यानंतर कुटुंबातील सर्व व्यक्तींचा आजीव सांभाळ करील, त्याबाबत कोणतीही सबब सांगणार नाही.

"आजीव म्हणजे?"

"कायमचा."

मी म्हटलं, "कायमचा नको. मुदत घाला."

टाइपवाल्याची बोटं तशीच हवेत राहिली. शेजारच्या टाइपवाल्यानेही काम थांबवलं. तात्यांनी चष्मा काढला, पंच्याने पुसला, पुन्हा घातला.

"घरच्या माणसांना मुदत घालतेस गो?"

"घरच्या माणसाकडून तुम्ही स्टँपवर लिहून घेताय ना तात्या?"

मला वाटलं ते उठून जातील. बाबांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते अर्धवट उठले. पण तात्या बसूनच राहिले. त्यांनी पंचा खांद्यावर टाकला आणि एक पाय दुमडून घेतला. मी ती बैठक ओळखत होते. मिठाचे व्यापारी ढिगापाशी यायचे तेव्हा मिठागरवाल्यांच्या वतीने बोलायला तात्यांना बसवत, आणि ते असेच बसायचे.

"बोल," ते म्हणाले.

"पाच वर्षं."

"पंधरा."

"सहा."

"बारा. आणि लग्न त्याच्यानंतर."

"लग्नाचं कागदावर काही नाही. ते काढलं तर सात."

"निम्मा पगार."

"तिसरा हिस्सा."

"दहा वर्षं, तिसरा हिस्सा."

"आठ," मी म्हटलं. "तिसरा हिस्सा. दर महिन्याला मी स्वतः आणून देईन, तुमच्या हातात. कंपनीतून परस्पर काही कापायचं नाही. आणि लग्न मी ठरवीन तेव्हा."

तात्यांनी बोटांच्या पेरांवर आठ मोजले. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला कुटता कुटता विचारलं होतं. आज प्रत्येक आकड्याला ते माझ्या उत्तरासाठी थांबत होते, आणि मला आतून रडू येत असतानाही ते कळत होतं.

"तिसरा हिस्सा, आठ वर्षं. लिहू का?" टाइपवाल्याला जेवायला जायचं होतं.

"लिही," बाबा म्हणाले.

त्या दिवशी बाबा एवढंच बोलले. आयुष्यात भावासमोर भावाच्या आधी बोललेले मी त्यांना तेवढंच ऐकलं.

परत येताना तात्या मिनीडोअरमध्ये माझ्या शेजारी बसले. वडखळला त्यांनी गाडी थांबवायला लावून सगळ्यांना उसाचा रस पाजला. महेशला म्हणाले, "तुझ्या जागी ही असती तर आज दारात दोन गाड्या असत्या." महेश म्हणाला, "म्हणून तर तिला आत पाठवली." तात्या मोठ्याने हसले. बाबा हसले. ग्लास हातात धरून मीही हसले, आणि गफूरचाचांना काय सांगायचं याचा विचार करत राहिले. चाचांनी नंतर ऐकून घेतलं आणि म्हणाले, चांगली नोकरी आहे, नोकरी सोडू नये. मग टांगलेल्या पंख्यातला एक काढून मला दिला, स्वतः भरलेला. आता त्या जागी मोबाइलचं दुकान आहे.

कंपनीत माझी नेमणूक मुख्य सबस्टेशनच्या पॅनलरूममध्ये झाली. ती खोली अशी: खिडकी नाही, एका भिंतीला ओळीने उभी लोखंडी कपाटं, त्यांच्यावर काटे आणि दिवे, आणि दिवसभर न थांबणारी एकाच सुरातली घूं. बायकांना तेव्हा रात्रपाळी नसायची, त्यामुळे मी कायम दिवसाच्या शिफ्टला. त्या बाजूला बायकांचं स्वच्छतागृह नव्हतं, कॅन्टीनच्या इमारतीपर्यंत जावं लागायचं, म्हणून मी पाणी कमी प्यायला शिकले. संध्याकाळी गेटवर पिशवी उघडून दाखवायची आणि बाहेर पडायचं. पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी मी कंपाउंडच्या आतल्या कडेने चालत गेले. एका जागी थांबले, तिथे बाहेरून बिडीचा वास आला. मी हाक मारली नाही. मला वाटतं, त्यांना माहीत होतं.

काम मला येत होतं आणि ते मी नीट केलं, हे इथे लिहायला मला संकोच वाटत नाही. वेढ्यांचं काम मात्र सुटलं. जळलेल्या मोटरी बाहेर कंत्राटदाराकडे जायच्या, मी फक्त पावतीवर सही करायची. चौथ्या वर्षी माझं लग्न झालं, मी ठरवून केलं, आणि पेणला राहायला गेले. तिसरा हिस्सा चालूच राहिला. माझ्या नवऱ्याला त्याचं काही वाटलं नाही, सासूबाईंना वाटलं, पण त्या एकदाच बोलल्या. दर महिन्याला पगार झाला की मी वडखळला उतरून घरी जायची. काकू मागच्या पडवीतूनच ओरडायची, "आली काय गो? हात धू नि बस." जे शिजलं असेल ते पुढ्यात यायचं, ताट नसलं तर तिच्याच ताटात. पाकीट मी तात्यांच्या हातात द्यायची, ते न मोजता बनियनच्या खिशात ठेवायचे.  

आठ वर्षं संपली त्याच्या पुढच्या महिन्यात मी सवयीने गेले. खरं तर सवयीने नाही. मी तो महिना कॅलेंडरवर कितीदा बघितला असेन. पूर्ण पगार हातात घेऊन वडखळच्या नाक्यावर उभी राहिले, पेणच्या गाडीत बसायचं की घरी जायचं ते कळेना, आणि शेवटी तिसरा हिस्सा वेगळा काढून घरीच गेले. महेशची तेव्हा दुसरी गाडी आली होती, पत्र्यांच्या जागी घरावर स्लॅब चढला होता. बाबा मिठागरावर होते, आई बाजारात गेली होती; तात्या ओट्यावर बसले होते. मी पाकीट पुढे केलं.

"हे काय?"

"घ्या ना तात्या. राहू दे."

"मुदत मागच्या महिन्यात सरली."

"मुदतीचं काय घेऊन बसलात?"

"तू घेऊन बसली होतीस गो." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मिठाचा सौदा पुरा झाल्यावर ते व्यापाऱ्याशी असंच बोलायचे, मऊ, समाधानाने. "लिहिलं ते झालं. तू शब्द पाळलास. आता तुझं तुला." त्यांनी पाकीट माझ्या हातात परत दिलं, माझी बोटं त्याच्यावर मिटवली आणि आत बघून हाक मारली, "अगं, चहा टाक. पोरगी आलीय पेणहून."

मी सवयीने आत जायला निघाले, तर काकू दारात आली आणि म्हणाली, "अगो बस ना बाहेर, वाऱ्यावर. आत काय, पसारा हाय." तिने ओट्यावर सतरंजी घातली. थोड्या वेळाने चहा आला. त्या घरात मी तोवर चहा प्यायले होते तो चुलीपाशी, स्टीलच्या पेल्यातून, बऱ्याचदा काकूच्या उरलेल्यातला. हा कपबशीतून आला. फुलांचा कप, खाली बशी, बशीत दोन बिस्किटं. तो संच फडताळात वरच्या फळीवर असायचा आणि पाहुणे आले की उतरायचा.

तात्या शेजारी बसून खाडीकडे बघत होते. काकूने विचारलं, साखर बरोबर आहे ना. मी हो म्हटलं आणि चहा संपवला. बिस्किटं दोन्ही खाल्ली, कारण पाहुण्याने बशीत काही उरवलं तर काकूला वाईट वाटतं.